मोफत पेला आणि कायद्याची मर्यादा

द्राक्षांच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातील वाइननिर्मिती केंद्रांवर पर्यटकांची वर्दळ असते. पेल्याच्या तळाशी थोडीशी वाइन ओतून तिचा रंग, गंध आणि चव यांची ओळख त्यांना करून दिली जाते. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर या व्यवसायास चालना मिळाली व असे कार्यक्रम परिचयाचे झाले. आपल्या शेतावरील निवासात किंवा गावच्या मेळाव्यात असाच कार्यक्रम करावा, असे एखाद्या उत्साही आयोजकाला वाटणे शक्य आहे. “आम्ही विकत नाही, केवळ चवीपुरते देतो, मग परवानगी कशासाठी?” हा त्याचा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु कायद्याचे उत्तर निराळे आहे.

मादक पेये हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याचे नियम भिन्न आहेत. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ लागू आहे. या अधिनियमात मनाई हा नियम असून परवानगी हा अपवाद आहे. कलम १२ व १३ मधील मनाई केवळ विक्रीपुरती नाही. मद्य तयार करणे, बाळगणे, त्याची वाहतूक करणे आणि सेवन करणे यांनाही ती लागू होते. म्हणून पैसे घेतले नाहीत, एवढ्यानेच कृत्य कायदेशीर ठरत नाही. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. तथापि अधिनियमाचा मुख्य गाभा कायम राहिला.

चव घेण्याचा कार्यक्रम वैध ठरण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जागा: त्या ठिकाणासाठी व त्या दिवसासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची अनुज्ञप्ती हवी. एका ठिकाणची अनुज्ञप्ती दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. दुसरी, व्यक्ती: सेवन करणाऱ्याजवळ नियमानुसार लागणारा परवाना हवा आणि त्याने विहित वय पूर्ण केलेले असावे, तीव्र मद्यासाठी हे वय २५ वर्षे आहे. तिसरी, प्रसिद्धी: मद्याच्या वापरास उत्तेजन देणाऱ्या जाहिरातींवर कलम २४ अन्वये निर्बंध असल्याने ‘मोफत चव घ्या’ असा फलकही अडचणीचा ठरू शकतो.

अनुज्ञप्तीवाचून आपल्या जागेत लाभासाठी मद्यपान करू देणाऱ्यावर कलम ६८ अन्वये, तर तेथे मद्यपान करताना आढळणाऱ्यावर कलम ८४ अन्वये कारवाई होते. ढाब्यांवरील छाप्यांत हीच कलमे लावली जातात. म्हणजे यजमानाबरोबर पाहुणाही अडचणीत येतो.

निवडणुकीच्या काळात तर शंकेला जागाच उरत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-क अन्वये मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत मतदान क्षेत्रातील कोणत्याही सार्वजनिक वा खाजगी जागी मद्य विकणे, देणे अथवा वाटणे यांस मनाई आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे ‘देणे’ हा शब्द कायद्याने मुद्दाम घातला आहे.

या काटेकोरपणामागे केवळ महसुलाचा विचार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. पेल्यातील द्रव कोठून आला, याचा माग अनुज्ञप्ती व नोंदवह्या यांमुळेच लागू शकतो.

ग्रामपंचायतीचा ठराव किंवा सरपंचांची तोंडी संमती अनुज्ञप्तीची जागा घेऊ शकत नाही. आयोजक संमती मागण्यास आला, तर त्याला प्रथम जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे पाठविणे, यातच त्याचे आणि गावाचे हित आहे.