आठ पाय आहेत, पण कोळी नव्हे

मृगाचा पाऊस स्थिरावला की पनवेल-खारघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरू लागतो. झाडाच्या ओल्या बुंध्यावर मसुराच्या दाण्याएवढं अंग, आणि त्या अंगाला न शोभणारे लांबच लांब, बारीक पाय. खाली इशारा असतो : जगातला सर्वांत विषारी कोळी, केवळ दात आखूड म्हणून माणूस वाचतो, लहान मुलांना जपा. एवढ्याशा मजकुरात तीन चुका आहेत. हा कोळी नाही, याच्याकडे विष नाही आणि आखूड म्हणावेत असे विषारी दातही नाहीत.

इंग्रजीत याला ‘हार्वेस्टमन’ म्हणतात, शास्त्रात याचा गण ‘ओपिलिओनीस’. कोळी, विंचू, गोचीड यांच्यासारखाच हा अष्टपाद वर्गातला, पण त्याची शाखा स्वतंत्र आणि फार जुनी. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा हार्वेस्टमन सापडला आहे, आणि तो आजच्या हार्वेस्टमनच्या बराच जवळचा दिसतो.

ओळखायचा तर आधी कंबर बघा. कोळ्याचं शरीर दोन भागांचं असतं, मधे बारीक देठासारखा सांधा असतो. हार्वेस्टमनला कंबरच नाही. डोकं, छाती, पोट सगळं एकसंध. मग डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, याला साधारणपणे दोनच, तेही तोंडाजवळ नव्हे तर पाठीवर पुढच्या बाजूला असलेल्या एका उंचवट्यावर, एक डावीकडे बघणारा आणि दुसरा उजवीकडे. तोंडापुढे विष टोचणाऱ्या सुळ्यांऐवजी छोटे चिमटे असतात. त्यांनी तो मेलेले किडे, बुरशी, गळून पडलेली फळं, क्वचित जिवंत बारीकसारीक प्राणी यांचे तुकडे तोडतो आणि घास गिळतो. कोळ्यांना भक्ष्य आधी विरघळवून प्यावं लागतं. याला त्याची गरज नाही.

रेशीम तयार करणारी ग्रंथीही त्याच्याकडे नाही, त्यामुळे जाळं विणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इथे घरातला घोळ सुटतो. जिन्याखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, धक्का लागला की गरगरा हलणारा लंबूटांग्या हा खरोखरचा कोळी असतो, फोल्सिड कुळातला. आपल्याकडच्या घरांत ‘क्रॉसोप्रायझा लायोनी’ नावाची जात फार आढळते. पोटाचं मागचं टोक वर कोनासारखं निघालेलं असतं, त्यावरून ती लगेच कळते. त्याला विष आहे, पण माणसाला त्यापासून धोका नाही. ‘दात आखूड’ ही दंतकथा मुळात या कोळ्याभोवती वाढली आणि पुढे हार्वेस्टमनलाही चिकटली, कारण इंग्रजीत दोघांनाही ‘डॅडी लाँग लेग्ज’ म्हणतात. त्याच नावाची एक लांब पायांची माशीही आहे, पण तिला पंख असतात आणि पाय सहाच. ती बाजूला ठेवू.

‘कोळी मुतला’ म्हणून अंगावर उठणाऱ्या फोडांचं काय? तो आळ हार्वेस्टमनवर तर नकोच, कोळ्यावरही नको. पावसाळ्यात रात्री दिव्याला येणारा पेडेरस नावाचा नारिंगी-काळा बारीक भुंगेरा मानेवर किंवा हातावर चिरडला गेला की त्याच्यातलं पेडेरीन त्वचेला लागतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जळजळीत पट्टा उठतो. साबणाने लगेच धुतलं तर त्रास कमी होतो. पट्टा एकाच बाजूला, दुखत पसरणारा असेल तर ती नागीणही असू शकते. तेव्हा घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टर गाठा.

हार्वेस्टमन हातात घेतला तर वास मात्र येऊ शकतो. अंगाच्या कडेला, पुढच्या पायांच्या बुडाशी दोन गंधग्रंथींची तोंडं असतात. छेडल्यावर त्यातून उग्र द्रव पाझरतो. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्याची ती सोय आहे, हात धुतले की विषय संपला.

पाय तुटला तर पुन्हा उगवतो, हाही एक समज. पाय तो स्वतःच सोडतो. सुटलेला पाय बराच वेळ फडफडत राहतो, शत्रू त्यात गुंततो आणि धनी पसार होतो. पण त्या जागी नवा पाय येत नाही. त्यातही दुसऱ्या जोडीचे पाय सर्वांत लांब आणि सर्वांत मोलाचे, कारण चालण्यापेक्षा वाट चाचपायला तो ते वापरतो. ते दोन्ही गेले तर पुढचं काही कळणंच अवघड. मुलं गंमत म्हणून पाय ओढतात, त्यांना एवढं सांगायला हरकत नाही.

पायांवर किंवा अंगावर कधी लाल मण्यांसारखे ठिपके दिसतात. ती अंडी नव्हेत. परजीवी माइटची पिल्लं तिथे चिकटून रस शोषत असतात.

सर्वांत हट्टी गैरसमज मात्र जाणकार म्हणवणाऱ्यांतच आढळतो : फोटो दाखवा, जात सांगतो. जगात हार्वेस्टमनच्या साडेसहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या दोन हजारांहून अधिक एकट्या कार्ल फ्रीडरिश रोवर या जर्मन अभ्यासकाने वर्णिल्या. भारतातल्याही बऱ्याच नावांमागे तोच आहे. पायाच्या टोकाला किती पेरं, पाठीवर किती काटे, अशा मोजदादीवर त्याने प्रजातींमागून प्रजाती उभ्या केल्या. पुढे कळलं की ही लक्षणं एकाच जातीतही बदलतात, आणि त्याची कित्येक नावं नंतरच्या संशोधकांना एकमेकांत मिसळावी लागली. आज जात पक्की करायला नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इतकं काम मोबाइलच्या फोटोवर होत नाही.

गट मात्र ओळखता येतो. पाय अतिशय लांब, तोंडाजवळचे स्पर्शपाद बारीक आणि प्रत्येक पायाला एकच नखी असेल तर तो युप्नोई गटातला. पाठीवर उभा काटा दिसला तर त्यातल्या गॅग्रेलासारख्यांकडे बोट दाखवता येतं. पाय तुलनेने आखूड, अंग टणक, स्पर्शपाद जाड आणि काटेरी असतील, मागच्या पायांना दोन नख्या असतील, तर लॅनिएटोरीस. हे दुसरे बहुधा दगडाखाली, पालापाचोळ्यात सापडतात, म्हणून नजरेतून सुटतात.

कर्नाळ्याच्या वाटेवर पावसाळ्यात असा प्राणी दिसला तर वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्या. डोळ्यांचा उंचवटा, पाठ आणि स्पर्शपाद स्पष्ट यायला हवेत. शेजारी मोजपट्टी धरलीत तर उत्तमच. कर्नाळा 1968 पासून अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय कोणताही प्राणी उचलून आणता येत नाही. आणि ग्रुपवर टाकताना जातीचं नाव ठोकू नका. ‘हार्वेस्टमन, कर्नाळा’ आणि तारीख, एवढी नोंद पुरेशी आहे.