कॅथरीन डनहॅम : नृत्य आणि समाजपरिवर्तन

नृत्य आणि समाजपरिवर्तन यांच्या अनुबंधाचा विचार करताना कॅथरीन डनहॅम (१९०९-२००६) या आफ्रो-अमेरिकन नर्तकीचे कार्य विशेष उल्लेखनीय ठरते. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्ययन करीत असता त्यांनी १९३५-३६ मध्ये हैती, जमैका आदी कॅरिबियन प्रदेशांतील नृत्यांचा क्षेत्रीय अभ्यास केला. त्यातूनच त्यांचे स्वतंत्र नृत्यतंत्र आकारास आले. कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्येवरील ‘साउथलँड’ हा बॅले त्यांनी १९५१ मध्ये चिलीतील सांतियागो येथे सादर केला व अमेरिकी शासनाची नाराजी ओढवून घेतली.

तथापि त्यांचे अधिक मोलाचे कार्य रंगमंचाबाहेरचे होय. १९६७ मध्ये इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुईस या दारिद्र्यग्रस्त शहरात त्यांनी कलाप्रशिक्षण केंद्र स्थापन केले. टोळ्यांच्या प्रभावाखालील तरुणांना तेथे नृत्यासमवेत ढोलवादन व कराटे शिकविले जाई. समूहनृत्यात एकाचा ताल चुकला की सर्वांचाच चुकतो. परस्परावलंबनाचे हे शिक्षण व्याख्यानांतून क्वचितच साधते. केंद्रामुळे शहरातील बेकारी हटली नाही. कलेकडून तशी अपेक्षा करणेही गैर होय.

पुढे १९९२ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना परत पाठविण्याच्या अमेरिकी धोरणाविरुद्ध डनहॅम यांनी ४७ दिवस उपोषण केले.