पन्नास मिलिमीटरची स्वस्त लेन्स

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स ५५ मिमीवर सहसा एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिमी एफ/१.८ ही प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. घरातल्या दिव्याच्या उजेडात झूमला १/१५ सेकंद लागत असेल, तिथे हिला १/१२५ पुरतो. म्हणून खेळणाऱ्या मुलाचा फोटो फ्लॅशशिवायही सुस्पष्ट येतो.

झूमची गुंतागुंतीची यंत्रणा नसल्याने ती स्वस्त आणि हलकी असते. कॅननच्या २०१५ सालच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएममध्ये फक्त सहा भिंगं आहेत. वजन सुमारे १६० ग्रॅम.

एपीएस-सी या लहान सेन्सरवर तिची चौकट फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीइतकी अरुंद होते. व्यक्तिचित्रासाठी हे उत्तम. लहान खोलीत सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा तर ३५ मिमी बरी. एफ/१.८ वर जेमतेम एक डोळा फोकसमध्ये राहतो, म्हणून जवळच्या डोळ्यावर नेम धरा. माणसं पुढेमागे उभी असतील, तर एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवा.

घेताना एक गोष्ट तपासा. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही; त्यांवर जुन्या एएफ ५० मिमी एफ/१.८डीचा ऑटोफोकस चालत नाही. तिथे एएफ-एस मालिकेतली 'जी' लेन्सच घ्या.

छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतांश काम ५० मिमीवर केलं. चौकट बदलायला स्वतः पुढेमागे सरकावं लागतं, आणि त्यातूनच नवशिक्याची नजर तयार होते. पहिली जास्तीची लेन्स घ्यायची तर हीच घ्यावी.