प्रोस्टेटचे ऑपरेशन : कोणते आणि कशासाठी?

वस्तीतील एखादे वयस्कर गृहस्थ रुग्णालयातून घरी आले की शेजारी विचारतात, "कसले ऑपरेशन झाले?" उत्तर येते, "प्रोस्टेटचे." विषय तेथेच संपतो. वास्तविक या एका शब्दाखाली तीन अगदी निराळ्या शस्त्रक्रिया मोडतात आणि त्यांपैकी एक कर्करोग काढण्यासाठी नसतेच. हा फरक न समजल्यामुळे "माझी प्रोस्टेट तर मागेच काढली" अशा समजुतीत काहीजण निर्धास्त राहतात व दुखणे हाडांत उतरल्यावर दवाखान्याची पायरी चढतात. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते, लघवी अडते, रात्री वारंवार उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. औषधाने भागले नाही तर लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून अडथळा करणारा आतला भाग खरवडून काढतात. यात बाहेरचे कवच जागेवरच राहते, आणि कर्करोग बहुधा त्या कवचातच सुरू होतो. तेव्हा दुर्बिणीचे ऑपरेशन झालेल्यांनी खरवडलेल्या तुकड्यांचा तपासणी अहवाल अवश्य मागून घ्यावा.

कर्करोग ठरतो तो बायॉप्सीने. केवळ रक्तातील पीएसए वाढला म्हणून नव्हे. बायॉप्सीच्या अहवालात ग्लीसन नावाचा अंक असतो. ६ असेल तर रोग सौम्य, ८ ते १० असेल तर आक्रमक. घरात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनी हा इंग्रजी अहवाल स्वतः वाचावा आणि वडिलांसोबत डॉक्टरांसमोर बसावे. आपले वडील या विषयावर आपणहून बोलतील अशी वाट पाहू नये.

रोग ग्रंथीपुरताच असेल, प्रकृती ठीक असेल व पुढे दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य अपेक्षित असेल, तर संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. ग्रंथी शुक्राशयांसह काढून मूत्राशय व मूत्रनलिका पुन्हा जोडतात. आठवडा-दोन आठवडे नळी ठेवावी लागते. ही शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्याने होते. रोबोट स्वतः काही करीत नाही, त्याचे हात सर्जनच चालवतो. रोबोटमुळे रक्तस्राव कमी होतो व रुग्ण लवकर घरी जातो, हे खरे. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे उघडी व रोबोटची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१६ व २०१८ साली प्रसिद्ध झाले. लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही. यंत्रापेक्षा सर्जनचा हात किती मुरलेला आहे ते महत्त्वाचे. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे, रोबोटसाठी शेत विकण्यापूर्वी "आपण अशी किती ऑपरेशने केली?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

तोटेही आधीच समजून घ्यावेत. सुरुवातीचे आठवडे, कधी काही महिने, लघवी झिरपते. बहुतेकांची वर्षभरात बरीच सुधारते. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्या वाचविण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली दाखवून दिली, परंतु रोग नसांपर्यंत गेला असेल तर त्या वाचवता येत नाहीत. झिरपणाऱ्या लघवीची लाज वाटून माणसे विहारात, लग्नकार्यात येणे सोडतात. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली होती; आपण नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

रोग हाडांत पसरला असेल तर ग्रंथी काढून तो बरा होत नाही. तेथे तिसरी शस्त्रक्रिया येते : दोन्ही अंडकोश काढणे. पुरुषी हार्मोनवर हा कर्करोग पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच काम इंजेक्शनानेही होते, पण ते घेत राहावे लागते. शस्त्रक्रिया एकदाच व स्वस्तात होते, मात्र परत फिरता येत नाही. दोन्हींत रोग आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. आज सोबत इतर औषधेही देतात.

आणि कधी कधी ऑपरेशन न करणेच शहाणपणाचे असते. इंग्लंड-वेल्स-स्कॉटलंड मिळून झालेल्या एका अभ्यासात पीएसए तपासणीत लवकर सापडलेल्या १६४३ रुग्णांचे तीन गट केले : नियमित देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरल्याचे प्रमाण अधिक होते, हेही सांगितले पाहिजे. उशिरा सापडलेल्या किंवा आक्रमक रोगाला हा आकडा लावू नये. पण सौम्य रोगात चार आठवडे विचार केल्याने काही बिघडत नाही.

दुसरे मत घेण्यास परळच्या टाटा मेमोरियलला किंवा अन्यत्र जाताना बायॉप्सीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे पहिल्या रुग्णालयातून मागून न्यावेत. नुसता कागद पुरत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे व शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून ती योजनेत बसते का ते भरती होण्यापूर्वी विचारावे. शिधापत्रिका व आधार सोबत असू द्यावे.