वारा पडतो तेव्हा

मराठवाड्याच्या माणसाला समुद्र तसा लांबचाच. परभणी जिल्ह्यातून वाहणारी आपली गोदावरीसुद्धा जवळचा पश्चिम समुद्र सोडून पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही भूगोलाच्या पुस्तकात 'विषुववृत्तीय शांत पट्टा' हे शब्द वाचले आणि मनात प्रश्न आला : वाऱ्याशिवाय दुसरे बळ नसलेल्या नौकेचे तिथे काय होत असेल?

हा पट्टा साधारण 5 अंश उत्तर ते 5 अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान असतो आणि ऋतूप्रमाणे थोडा सरकतो. येथे सूर्याच्या उष्णतेने हवा तापते, हलकी होते व वर चढते. उत्तरेकडून ईशान्य व्यापारी वारे आणि दक्षिणेकडून आग्नेय व्यापारी वारे येथे येऊन भेटतात, तेही वरच जातात. त्यामुळे पाण्यालगत आडवा वारा जवळजवळ नसतो.

शिडांच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्याला हा पट्टा दोनदा ओलांडावा लागतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने अशी प्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी 'म्हादेई' नौका गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. तिच्यातूनच अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. 2017-18 मध्ये सहा महिला नौदल अधिकारी 'तारिणी'तून जग फिरून गोव्याला परतल्या, तर 2024-25 मध्ये दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून जाऊन आल्या.

वारा पडला म्हणजे विश्रांती, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात उलटेच घडते. वारा गेला तरी दूरच्या वादळांतून निघालेल्या लाटा येतच राहतात. शिडांत वारा भरलेला असला म्हणजे नौका एका अंगाला रेलून स्थिर चालते. तो गेला की ती दोन्ही अंगांना हेलकावते. शिडे डोलकाठीवर आपटतात, शिवण उसवते, दोर झिजतात. सुकाणू फिरवून उपयोग नसतो, कारण नौका चालत असेल तरच ते तिला वळवू शकते. वर ऊन तळपते. पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते. मग एखादा काळा ढग येतो, अचानक सोसाट्याचा वारा आणि पाऊस घेऊन. त्या वेळी शीडही आवरायचे आणि गोडे पाणीही धरायचे.

म्हणून जाणता खलाशी या दिवसांत रिकामा बसत नाही. तो शिडे शिवतो, दोर तपासतो, शिधा मोजतो, पाण्यावर कोठे बारीक सुरकुती उठली का ते पाहतो. रात्रीही पाळीने जागावे लागते, कारण झुळूक वेळ सांगून येत नाही.

हे वाचताना मला आमच्या आजीचे बोलणे आठवले. मळणीयंत्रे येण्यापूर्वी खळ्यावर ज्वारी वाऱ्यावर उपणत. वारा पडला की सगळे थांबे. पण बाया खळे झाडून घेत, फाटकी पोती शिवत, रास सावरून ठेवत. झुळूक आली की सूप तयारच! मध्यरात्री वारा सुटला तरी माणसे उठून कामाला लागत. जिने समुद्र कधी पाहिला नाही त्या आजीला खलाशाचे हे शास्त्र पाठ होते.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. "तीन वर्षे नुसती पुस्तके वाचून काय होणार?" असे गावात विचारतात. घरच्यांनाही ही वर्षे वारा पडल्यासारखी वाटत असतील. नोकरीचा वारा केव्हा सुटेल, कोणत्या दिशेने सुटेल, हे माझ्या हाती नाही. पण तो सुटेल तेव्हा माझे शीड फाटके असू नये, एवढे मात्र आज मला करता येते. मित्रमैत्रिणींनो, तुमचेही याहून वेगळे नसेल.