गाडी निवडताना तीन धडकांचा विचार करा

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी नव्या गाडीचे बेत सुरू होतात. पूर्वी शोरूममध्ये पहिला प्रश्न असायचा, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आता त्याच्या जोडीला 'एडास आहे का?' हा प्रश्नही येतो. एडास म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. ती समोरच्या वाहनाचा अंदाज घेऊन स्वतः ब्रेक लावते, गाडी लेन सोडू लागली तर सावध करते आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखते. २०२१ नंतर ही यंत्रणा आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या आवाक्यातील गाड्यांमध्येही येऊ लागली. तिच्यासाठी लाख-दीड लाख जास्त मोजावेत का, असे रुग्ण आणि नातेवाईक डॉक्टरांनाही विचारू लागले आहेत. प्रश्न योग्य आहे, कारण अखेर तो आरोग्याचाच प्रश्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली.

अपघात एक, धडका तीन

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोटारीच्या अपघातात एक नव्हे, तीन धडका होतात. पहिली धडक गाडीची. ती समोरच्या वाहनावर किंवा दुभाजकावर आदळते आणि थांबते. आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात असतो. तो स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या सीटवर आदळतो. ही दुसरी धडक. शरीर थांबले तरी आतले अवयव पुढे सरकत राहतात. मेंदू कवटीच्या भिंतीवर आपटतो, यकृत किंवा प्लीहा फाटते, हृदयातून निघणारी महाधमनी ताणली जाऊन चिरते. ही तिसरी धडक, आणि बहुतेक वेळा जीव घेणारी हीच.

बाहेरून साधा ओरखडा नसलेला, नीट बोलणारा रुग्ण तासाभरात खालावतो तो या तिसऱ्या धडकेमुळे. म्हणून जोराच्या अपघातानंतर 'मला काही झाले नाही' असे वाटले तरी तपासणी करून घ्यावी. आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला जे हाड मोडून निभावते, ते १२० ला निभावत नाही.

गाडी निवडताना या तिन्ही धडकांसाठी तिच्यात काय सोय आहे, ते क्रमाने पाहावे. एडासचे काम पहिल्या धडकेपुरते आहे. ती टळली तर उत्तम. टळली नाही, तर पुढच्या दोन धडकांत एडास काही करू शकत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या धडकेची तयारी आधी

यासाठी पहिली कसोटी म्हणजे भारत एनकॅपचे तारे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ही चाचणी होते. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवली जाते आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने धडक दिली जाते. मोठ्यांच्या संरक्षणासाठी ३२ आणि मुलांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी गुण मिळतात. नुसते तारे न पाहता हे दोन्ही आकडे वेगवेगळे पाहावेत. घरात लहान मूल असेल, तर मुलांचे गुण आणि बालआसन घट्ट बसवण्याची आयसोफिक्स सोय जास्त महत्त्वाची. ही चाचणी ऐच्छिक आहे. त्यामुळे पसंत पडलेल्या गाडीची ती झालीच नसेल, तर का नाही, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

दुसरी गोष्ट सीट बेल्टची. वर सांगितलेल्या अहवालात सीट बेल्ट न लावलेल्या १६ हजार ७१५ मृतांची नोंद आहे. त्यांत चालक आणि प्रवासी जवळपास निम्मे-निम्मे आहेत. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी आलिशान होती, रस्ता महामार्ग होता. मागच्या सीटवर मधल्या प्रवाशालाही तीन ठिकाणी अडकणारा पूर्ण बेल्ट आहे का, मागच्यांनी तो लावला नाही तर गाडी आवाज करते का, हे तपासावे. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गर्भवतीने तो पोटाच्या फुगवट्याखालून घ्यावा. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, तिला बेल्टचा पर्याय समजू नये.

तिसरी गोष्ट हेडरेस्ट. मागून धडक बसली की मान झटक्याने मागे जाते आणि पुढे कित्येक महिने दुखत राहते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाइतकी उंच करता यायला हवी. मागच्या मधल्या जागेवरही ते असावे.

एडास काय करते, काय नाही

हे सगळे जुळल्यावर एडासकडे वळावे. समोरच्या काचेमागचा कॅमेरा आणि पुढच्या बाजूला बसवलेले रडार ही त्याची ज्ञानेंद्रिये. त्यातले सर्वांत उपयोगी अंग म्हणजे आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात या ब्रेकमुळे पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. पादचाऱ्यांना धडकण्याचे प्रमाणही २७ टक्क्यांनी घटले. मात्र रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात हा फायदा दिसला नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा आहे. उसाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, रस्त्यात बसलेली जनावरे हे आपल्या रस्त्यांचे रोजचे वास्तव आहे. लेन राखणाऱ्या यंत्रणेला रस्त्यावरचे पट्टे स्पष्ट दिसावे लागतात. पाऊस, धुके, चिखलाने माखलेला कॅमेरा यांपुढे ती हतबल होते. समोर थांबलेले वाहन प्रत्येक वेळी ओळखले जाईलच असे नाही, असा इशारा अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला असतो. तो वाचावा.

एडास नसले तरी चालेल, पण ईएससी हवेच. निसरड्या वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरते. तिला पट्टेही लागत नाहीत आणि कॅमेराही लागत नाही.

मेंदू पहारेकरी म्हणून कच्चा

एडासचा खरा धोका आपल्याच मेंदूत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे सैनिक काही वेळाने खुणा चुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा अभ्यास करून १९४८ मध्ये दाखवून दिले, की जवळजवळ काहीच घडत नसताना नुसती नजर ठेवायची असेल, तर अर्ध्या तासातच माणसाचे लक्ष ढळते. गाडी स्वतः वेग आणि लेन सांभाळू लागली की चालक नेमका असा पहारेकरी होतो. आपल्याकडे मिळणाऱ्या एडास गाड्या फार तर दुसऱ्या पातळीच्या आहेत. म्हणजे सगळी जबाबदारी चालकाचीच. ताशी १०० किलोमीटर वेगात दोन सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते.

समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर यात झोपेची भर पडते. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील प्रयोगात १९९७ मध्ये आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दिवसभर काम करून रात्री गावाला निघणाऱ्याने याचा विचार करावा. गाडीने विश्रांतीची सूचना दिली, तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. थांबून वीस मिनिटे डुलकी घ्यावी. मोठ्याने घोरणारे आणि दिवसा पेंगणारे, इन्सुलिन घेणारे मधुमेही, मोतीबिंदू असलेले यांनी नव्या गाडीआधी स्वतःची तपासणी करून घ्यावी.

सही करण्यापूर्वी

जे फीचर हवे, ते तुम्ही घेत असलेल्या व्हेरिएंटमध्ये आहे, याची लेखी खात्री करा. चाचणीची फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, तुमच्या नेहमीच्या गर्दीच्या रस्त्यावर मारा. इशारे इतके वाजत असतील की तुम्ही यंत्रणा बंदच करून टाकाल, तर ते पैसे वाया गेले. समोरची काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते काम तुमच्या तालुक्याच्या गावी होते, की दोनशे किलोमीटर दूर जावे लागते, खर्च किती आणि विमा त्यातले किती देतो, हे आधीच विचारा. अगदी नवे मॉडेल असेल, तर काही महिने थांबून ते वापरणाऱ्यांचे अनुभव ऐकणे शहाणपणाचे.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा: चांगले तारे, सर्वांसाठी पूर्ण बेल्ट, सहा एअरबॅग आणि ईएससी. त्यानंतर आपोआप लागणारा ब्रेक. सनरूफ सर्वांत शेवटी, आणि ते घेतलेच तर त्यातून मुलांना उभे करू नका. गाडी घरी आली की पूजा झाल्यावर, पहिल्या फेरीला निघण्याआधी, प्रत्येकाचे हेडरेस्ट जागेवर आणा आणि मागच्या सीटवरच्या आजीलाही बेल्ट लावा.