आधी फरशी, मग सोफा

मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे गच्चीवर बैठक मांडायची तर सुरुवात पायाखालून करावी. इथे सहज मिळते ती तांडूरची फरशी: विकाराबाद जिल्ह्यातला चुनखडीचा दगड, निळसर-करडा किंवा पिवळा. आपली शहाबादी तिची सख्खी बहीणच. शहाबादही १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. उघड्यावर खडबडीत फरशी घ्यावी, पॉलिशची पहिल्याच पावसात पाय घसरवते. चुनखडीला आंबट मात्र सोसत नाही. लिंबू-चिंच सांडली आणि लगेच पुसली नाही, की फिकट डाग कायमचा. हैदराबादी जेवणात चिंचेला तोटा नाही, हे ध्यानात ठेवून टेबल कुठे ठेवायचं ते ठरवा!

तेलंगणाच्या २०२३च्या ‘कूल रूफ’ धोरणानुसार ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या घरांना उष्णता परतवणारं छत बंधनकारक आहे. लहान घरांनीही मोकळ्या गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्यावा. बसायच्या कोपऱ्यात नको, डोळे दिपतात.

वेताच्या खुर्च्या छपराखालीच. लोखंडी खुर्ची दुपारी चटका देते. मोठी छत्री तर नकोच, वळवाच्या वाऱ्यात ती शेजाऱ्यांकडे सापडते. त्यापेक्षा सोडता-बांधता येणारा कापडी मांडव बरा.